खानदेशात जीवशास्त्राची पदवी: शेत-जंगलाकडे नेणारे विषय आणि प्रयोगशाळेकडे नेणारे विषय

नीटचा निकाल लागतो, मेडिकलची आशा मावळते आणि बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसमोर जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एकच प्रश्न उभा राहतो: बी.एस्सी. करायची, पण कोणत्या विषयात? या भागातील महाविद्यालये १९९० साली स्थापन झालेल्या आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यांच्यात ‘जीवशास्त्र’ नावाची एकसंध पदवी सहसा मिळत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि ही निवड अनेकदा मित्राने काय घेतले किंवा कोणत्या विषयाचे नाव ऐकायला भारदस्त वाटते यावर होते. मी स्वतः वनस्पतिशास्त्र शिकलो आणि तेच शिकवतो, त्यामुळे माझा कल वाचकाला आधीच ठाऊक असावा. तरीही गेल्या काही वर्षांत मी अनेक विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळवले आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

हे विषय एकमेकांपासून नेमके कुठे वेगळे होतात, हे समजायला रावेर-यावलच्या केळीबागेतील एक रोग पुरेसा आहे. कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे होणाऱ्या या रोगाला आपले शेतकरी हरण्या म्हणतात. पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, पोंगा (मधले न उलगडलेले पान) कुजतो, झाड खुरटते आणि घड धरत नाही. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आधी लक्षणे वाचतो, पानाच्या कोणत्या भागात हरितद्रव्य कमी झाले ते पाहतो आणि बांधावरील कोणती तणे व कोणत्या वेलवर्गीय भाज्या हाच विषाणू सांभाळून ठेवतात याचा शोध घेतो. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष माव्याकडे जाते, कारण विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा तोच आहे. मावा रोगट पानात सोंड खुपसतो आणि काही क्षणांतच पुढच्या झाडाला लागण करू शकतो. म्हणूनच केवळ फवारणीने रोग आटोक्यात का येत नाही, याचे उत्तर कीटकाच्या वागण्यात सापडते. सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी तोच पानाचा तुकडा प्रयोगशाळेत नेऊन एलायझा किंवा पीसीआर चाचणीने विषाणू खरोखर आहे की नाही ते ठरवतो, कारण अन्नद्रव्याच्या कमतरतेनेही पान पिवळे पडते आणि डोळा फसू शकतो. जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी मातृझाड विषाणुमुक्त आहे याची खात्री करून उतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) हजारो रोपे तयार करण्याच्या कामात असतो. जळगाव परिसरात ग्रँड नैन जातीची अशी रोपे बनवण्याचा उद्योग किती मोठा झाला आहे हे येथील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. आणि कृषी पदवीधर शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहून सांगतो की रोगट झाड उपटून नष्ट करा, केळीत काकडी-भोपळ्यासारखे आंतरपीक घेऊ नका आणि कंद घ्यायचेच असतील तर निरोगी बागेतून घ्या.

रोग एकच, पण दिवसाचे आठ तास कुठे घालवायचे याचे उत्तर पाच प्रकारचे. मी विद्यार्थ्यांना हाच प्रश्न आधी विचारतो. ज्याला उन्हात हिंडायला, चिखलात उतरायला, न ओळखू येणाऱ्या झाडापाशी अर्धा तास थांबायला आवडते त्याने वनस्पती किंवा प्राणिशास्त्राकडे पाहावे. ज्याला एकाच जागी बसून काटेकोर, स्वच्छ, मोजमापाचे काम करण्यात समाधान वाटते त्याला सूक्ष्मजीवशास्त्र रुचेल. यातले काहीही कमी बुद्धीचे नाही.

वनस्पती आणि प्राणिशास्त्राविषयी एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे की हे जुने, पाठांतराचे आणि कामाला न येणारे विषय आहेत. खानदेशाच्या दृष्टीने हे म्हणणे मला चुकीचे वाटते. रानपिंगळा या लहान घुबडाचे उदाहरण घ्या. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. १९१४ सालचा गुजरातमधला म्हणून दाखवलेला एक नमुना मात्र संग्रहालयात होता. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नमुने बारकाईने तपासून तो दुसऱ्या संग्राहकाचा चोरलेला नमुना असल्याचे दाखवले; म्हणजे गुजरातची नोंद खोटी ठरली, त्यामुळे शोधाची दिशा बदलली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात हा पक्षी जिवंत दिसला. पिसांची ठेवण, चिठ्ठीवरचा मजकूर, जुन्या संग्राहकांची पद्धत, म्हणजे ज्याला आपण ‘जुने’ प्राणिशास्त्र म्हणून नाक मुरडतो, त्यानेच एक हरवलेला पक्षी सापडला. यावल व अनेर धरण अभयारण्ये, तोरणमाळचे पठार आणि हतनूर धरणावर हिवाळ्यात उतरणारे पाणपक्षी हे सगळे येथील विद्यार्थ्याला एसटीच्या अंतरावर आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला यासाठी सहल काढावी लागते. प्राण्यांचे विच्छेदनही आता या विषयाचा भाग राहिलेले नाही, कारण यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१४ साली त्याला मनाई केली. त्या भीतीने कोणी प्राणिशास्त्र टाळत असेल तर ते कारण आता उरलेले नाही.

या विषयांची खरी अडचण वेगळीच आहे. केवळ बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रावर थेट मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत. एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा), नाही तर बी.एड., नाही तर स्पर्धा परीक्षा, यांपैकी एक टप्पा जवळजवळ ठरलेला असतो. घरची परिस्थिती आणखी दोन-तीन वर्षे थांबू देणारी नसेल तर हे प्रवेशाआधीच मोकळेपणाने बोलले पाहिजे. पदवीनंतर ते कळणे फार महागात पडते.

सूक्ष्मजीवशास्त्राची बाजू येथे भक्कम होते. पदवीनंतर औषध, अन्नप्रक्रिया, दूध, पाणी तपासणी आणि जैविक खतांच्या उद्योगांत गुणवत्ता नियंत्रणाची कामे मिळू शकतात. नंदुरबार व धुळ्याच्या मुलांसाठी सुरत-भुसावळ लोहमार्गाने गुजरातचा औद्योगिक पट्टा जवळ आहे, आणि अंकलेश्वर-वापीकडे औषध कंपन्यांत जाणारे पदवीधर आपल्याकडे कमी नाहीत. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचा मार्ग हवा असेल तर पदवीनंतर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करणारेही बरेच असतात. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा घराघरांत माहीत असलेला आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते एवढ्या एका बदलाने रक्तपेशी विळ्याच्या आकाराची होते, हे पुस्तकात वाचणे आणि आपल्याच पाड्यातील माणसाचा नमुना आधी सोल्युबिलिटी चाचणीने व मग इलेक्ट्रोफोरेसिसने तपासणे यांत मोठे अंतर आहे. ज्याला ते अंतर स्वतः पार करायचे आहे, त्याच्यासाठी प्रयोगशाळेचा विषय हा दूरचा वाटत नाही.

मात्र सूक्ष्मजीवशास्त्र विद्यार्थ्याकडून हजेरी मागते. जिवाणू वाढवण्याचे माध्यम तयार करा, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा मिनिटे निर्जंतुक करा, प्लेट ओता, जिवाणू लावा, चोवीस तास ३७ अंशांवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी येऊन वाढ मोजा. हे चक्र बसच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. जे विद्यार्थी चोपडा किंवा साक्रीच्या आतल्या गावांतून रोज अप-डाऊन करतात त्यांची दुसऱ्या दिवसाची नोंद चुकते आणि मग जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) मित्राचे आकडे उतरतात. हे मी पाहिले आहे, आणि यात दोष मुलाचा नसून निवडीच्या वेळी कोणी त्याला हे सांगितले नाही याचा आहे. शक्य असल्यास वसतिगृहाची सोय करूनच हा विषय घ्यावा. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे काम बहुतेक त्याच दिवशी संपते. खोडाचा आडवा छेद घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आकृती काढायची.

सरकारी नोकरीच्या दृष्टीने या दोन गटांत असलेला एक फरक फार थोड्यांना माहीत असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवा परीक्षेसाठी पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, नाही तर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान नाहीत. उलट अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र आणि कृषीची पदवी आहे, पण वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र नाहीत. अकरावी-बारावीच्या शिक्षकीकडे पाहिले तर केंद्रीय विद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातील एम.एस्सी. ग्राह्य धरताना पदवीला वनस्पती व प्राणिशास्त्र शिकलेले असावे अशी अट राहिली आहे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी, म्हणजे स्वतःचे कृषी सेवा केंद्र काढण्यासाठी, कृषीखेरीज जैवतंत्रज्ञान, जीवरसायन, तसेच रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्रासह विज्ञान पदवीही चालते. खेड्यात राहून उद्योग करू इच्छिणाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवावी.

म्हणून माझा आग्रह असा आहे की मुख्य विषयाइतकेच लक्ष दुय्यम विषयाकडे द्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारच्या नव्या रचनेत मेजर आणि मायनर असे दोन्ही असतात, आणि मायनर निवडताना बहुतेक मुले ‘सोपा कोणता’ एवढेच विचारतात. सूक्ष्मजीवशास्त्र मेजर घेऊन वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र मायनर ठेवणाऱ्याच्या गुणपत्रकावर असा विषय दिसतो, की ज्यामुळे वनसेवेचा विचारही पूर्णपणे बाजूला टाकावा लागू नये. दुय्यम विषय पात्रतेत किती मोजला जाईल हे त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतील शब्दांवरून तपासावे, पण विषय मुळातच नसेल तर तपासायलाही काही उरत नाही. याच रचनेत तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळवता येते, आणि चौथे वर्ष करणाऱ्याला पुढे एम.एस्सी. एका वर्षाची पडते. संशोधनाकडे जायचे असेल तर महाविद्यालयात चौथ्या वर्षाची सोय आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावे.

जैवतंत्रज्ञानाबद्दल मी थोडा कठोर आहे. हा विषय चांगला आहे, पण पदवी पातळीवर त्याला महागडी उपकरणे, रसायने आणि प्रशिक्षित शिक्षक लागतात. अनेक ठिकाणी तो विनाअनुदानित असल्यामुळे शुल्कही जास्त असते, तर वनस्पती व प्राणिशास्त्र बहुधा अनुदानित तुकड्यांत मिळतात. ज्याला पुढे चांगल्या संस्थेत एम.एस्सी. नक्की करायची आहे त्यानेच हा विषय घ्यावा, आणि त्यासाठीची तयारी पहिल्या वर्षापासून करावी. जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा आहे. आयआयटींच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाच्या पेपरमध्ये बारावीच्या पातळीचे रसायन, भौतिक आणि गणितही विचारले जाते, म्हणून गणित सोडून आलेल्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय या परीक्षांना बसण्यासाठी पदवी जैवतंत्रज्ञानाचीच हवी असे नाही. वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातूनही तेथे पोहोचता येते.

कृषी पदवी ही वेगळीच वाट आहे. ती एमएचटी-सीईटीतून मिळते, चार वर्षांची असते आणि धुळ्याचे कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. जीवशास्त्राबरोबर मृदा, अर्थशास्त्र, विस्तारशिक्षण असे पुष्कळ काही शिकावे लागते आणि खेड्यात राहून कार्यानुभव घ्यावा लागतो. राज्याची कृषी सेवा आणि बँकांमधील कृषी अधिकारी ही पदे जवळजवळ याच पदवीसाठी असल्यामुळे, सीईटीत गुण चांगले असतील आणि शेतीची ओढ खरी असेल, तर मी बी.एस्सी.च्या आधी या पदवीचा विचार करायला सांगेन. फक्त मेडिकल हुकले म्हणून तिकडे गेलेला विद्यार्थी मात्र दुसऱ्या वर्षी कंटाळलेला दिसतो.

भाषेचाही प्रश्न आहे. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या घरातून, दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या मुलाला बी.एस्सी.ची पुस्तके इंग्रजीत वाचावी लागतात. येथे वनस्पती व प्राणिशास्त्र थोडे सोयीचे ठरतात, कारण पळस, मोहा, धावडा ही नावे त्याच्या अंगवळणी असतात आणि शास्त्रीय नाव त्यावर चढवता येते. सूक्ष्मजीवशास्त्रात असा आधार मिळत नाही, पण शब्दसंख्या मर्यादित असते आणि पहिल्या सहा महिन्यांत ती हातात येते.

निवड करण्याआधी दोन-तीन महाविद्यालयांत स्वतः जाऊन यावे. माहितीपत्रक घरी वाचता येते, त्यामुळे तेथे गेल्यावर प्रयोगशाळा पाहावी. ऑटोक्लेव्ह आणि लॅमिनार एअर फ्लो (गाळलेल्या, जंतुविरहित हवेचे काम करण्याचे कपाट) चालू आहेत का, वीज गेल्यावर इन्क्युबेटरला पर्यायी सोय आहे का, वनस्पती संग्रहातील नमुन्यांवर गेल्या पाच वर्षांतील तारखा आहेत का, सूक्ष्मदर्शक किती मुलांमागे एक आहे, हे सगळे अर्ध्या तासात कळते. त्यानंतर तृतीय वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याची जर्नल दाखवायला सांगावे आणि तिच्यातले निरीक्षण त्याने स्वतः कुठे घेतले ते विचारावे.