कॉलमला चौकोनी रिंगा की गोल स्पायरल?

कळव्यात घर बांधणारा माझा मामेभाऊ याच पेचात आहे. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या सुट्या कड्या म्हणजे रिंगा; सलग गुंडाळत नेलेली सळई म्हणजे स्पायरल.

ताकदीचं म्हणाल तर आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, नियमाप्रमाणे स्पायरल घातलेल्या कॉलमची क्षमता तशाच रिंगांच्या कॉलमच्या 1.05 पट धरतं. एवढंच. खरा फरक शेवटी दिसतो: कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, फुटलं तरी स्पायरल आतलं काँक्रीट आवळून धरतं. रिंगा लांब लांब असल्या की उभ्या सळया मधूनच बाहेर वाकतात आणि कॉलम एकदम बसतो.

रिंगा साइटवर वळता येतात; स्पायरलला गोल साचा आणि सराईत फिटर लागतो, खर्चही वाढतो.

साध्या घराला रिंगाच घे. पण रिंगेच्या टोकाचा हूक 90 नव्हे, 135 अंशांत आत वळलेला हवा, आणि कॉलमच्या दोन्ही टोकांशी रिंगांमधलं अंतर 100 मिमीच्या आत. काँक्रीट ओतण्याआधी स्वतः टेप लावून बघच. कॉलम गोल आणि भार मोठा असेल, तर स्पायरल.