सेस्ना १५२: काही महिने उडवल्यानंतर

आधी वजनाचं बोलतो, कारण फ्लाइंग क्लबात प्रवेश घेताना हे कोणी सांगत नाही. या दोन सीटच्या शिकाऊ विमानाचं कमाल वजन ७५७ किलो. आमचं विमान रिकामंच सव्वापाचशेच्या आसपास भरतं. टाक्या काठोकाठ भरल्या की ९८ लिटर, म्हणजे आणखी सत्तर किलो. उरलेल्या जेमतेम एकशेसाठ किलोत मी, इन्स्ट्रक्टर सर आणि आमच्या बॅगा. सर अंगापिंडाने भरलेले, आणि माझ्या घरी आईची 'अजून एक पोळी घे' थांबत नाही. त्यामुळे टाक्या फुल करून आम्ही क्वचितच उडतो. केबिनची रुंदी मीटरभर. लोकलच्या चौथ्या सीटवर वाढलेल्या मुंबईकराचे खांदे इथेही आपोआप तिरके होतात, तेवढं एक बरं.

जुहूच्या विमानतळावर आता बहुतेक हेलिकॉप्टरांचीच वर्दळ. म्हणून माझी थिअरी दादरला आणि उड्डाण घाटापलीकडे.

रचनेत मला सर्वात आवडलं ते काय काय *नाही* ते. टाक्या डोक्यावरच्या पंखांत, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच कार्ब्युरेटरकडे (तिथे ते हवेत मिसळतं) उतरतं. पंप नाही, डावी-उजवी टाकी बदलायची भानगड नाही. एकच खटका, चालू किंवा बंद. स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचलून धरण्याची ताकद सुटायच्या बेतात असल्याचा इशारा देणारा भोंगासुद्धा विजेविना चालतो. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक आहे. वेग पडून पंख स्टॉलजवळ आला की तिथला दाब कमी होतो, भोंग्यातून हवा भोकाकडे ओढली जाते आणि भोंगा केकाटतो. उड्डाणाआधी तो तपासायचा तर भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढायची. पहिल्यांदा करताना ओशाळल्यासारखं होतं, पण वाजला की खात्री पटते.

इंजिन ११० हॉर्सपॉवरचं लायकमिंग. १९७७ मध्ये जुन्या सेस्ना १५० च्या जागी हे मॉडेल आलं, त्यामागे इंधन हे मोठं कारण होतं. '१०० लो लेड' नावाच्या पेट्रोलमध्ये जुन्या ८० ऑक्टेनच्या मानाने शिसं जास्तच (नावावर जाऊ नका), आणि १५० च्या इंजिनाचे प्लग त्याने माखायचे. फ्लॅपही (उतरताना खाली करायच्या, पंखामागच्या झडपा) ४० अंशांवरून ३० वर आणले. लँडिंग सोडून पुन्हा वर जायची वेळ आली की त्याचा फायदा कळतो. तरीही एप्रिलच्या दुपारी, दोघं बसलेले असताना चढाई रडतखडतच होते. रोजच्या उड्डाणाची वेळ पहाटेची मागून घ्या.

कार्ब्युरेटर हीटची (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणाऱ्या नॉबची) सवय मात्र पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. पार्ल्याच्या घामट हवेत वाढलेल्या माणसाला २५ अंशांत बर्फ धरतो म्हटलं की हसू येतं. पण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना आतलं तापमान झपकन उतरतं, आणि दमट हवेतलं बाष्प तिथेच गोठतं. पॉवर कमी करून उतरताना धोका जास्त, म्हणून थ्रॉटल मागे घेण्याआधी तो नॉब ओढायचा.

तक्रारी आहेतच. वळताना खाली झुकलेला पंख नेमकी धावपट्टीच झाकतो, त्यामुळे वळण्याआधी तो किंचित उचलून बघून घ्यावं लागतं. पेट्रोलचे काटे शोभेचे. टाकीत दांडी बुडवून बघितल्याशिवाय मी इंजिन चालू करत नाही. सीट रुळावर नीट अडकली का, हे पुढे-मागे झटका देऊन बघायचंच, कारण टेकऑफला सीट मागे घसरली तर हातातलं स्टिअरिंगही सोबत मागे येतं आणि नाक वर जातं. उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात नवं विमानसुद्धा बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठं. आमच्या विमानाचा रेडिओ महिनाभर खरखरत होता आणि 'उद्या बघतो' हे उत्तर ठरलेलं. तेव्हा क्लब निवडताना विमानं किती आहेत हे विचारू नका, त्यातली आज उडण्याजोगी किती हे विचारा. वजन नव्वदीच्या पुढे असेल तर चार सीटचं सेस्ना १७२ मिळतंय का, तेही तेव्हाच विचारून घ्या; तासाचा दर जास्त पडेल, पण टाक्या भरता येतील.