पावसाळाभर यूव्ही वापरल्यावर

पायथनची पॅकेजं सांभाळणाऱ्या यूव्हीचं कौतुक बहुतेक जण वेगासाठी करतात. वेग आहेच. ॲस्ट्रल कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये आणलेलं हे साधन रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि पायथनच्या नेहमीच्या पिप या इन्स्टॉलरच्या तुलनेत ते किती झटपट चालतं, हे पहिल्याच इन्स्टॉलला दिसतं. पण मला ते आवडलं ते बिघाड शोधताना.

गोव्यात फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे भाविकांच्या निवासातल्या, खोल्या नोंदवण्याचं ॲप आम्ही सांभाळतो. ते फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर चालतं. मे महिन्यात नवा सर्व्हर घेतला. कोड तोच, लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेली रिक्वायरमेंट्सची फाइल तीच, तरी ॲप सुरूच होईना. फ्लास्कला लागणाऱ्या वर्कझॉयग पॅकेजमधून यूआरएल-कोट हे फंक्शन आयात करता येत नाही, एवढंच लॉगमध्ये. जुन्या मशीनवर मात्र सगळं सुरळीत! आणि फाइलमध्ये तर फ्लास्क 2.2.2 असं नेमकं लिहिलेलं.

मेख तिथेच होती. फ्लास्क 2.2.2 ला वर्कझॉयग '2.2.2 किंवा पुढचं' चालतं, वरची मर्यादाच नाही. 30 सप्टेंबर 2023 रोजी वर्कझॉयग 3.0 आलं आणि त्यातून हे फंक्शन गेलं. वर्कझॉयग 2.3 पासून तशी सूचना दिलेली होती, पण बंद न पडलेल्या ॲपच्या सूचना कोण वाचतो? त्या तारखेनंतर जुनं फ्लास्क कुठेही नव्याने बसवलं की सोबत नवं वर्कझॉयग येतं आणि ॲप पहिल्याच आयातीला कोसळतं.

यूव्हीचा 'ट्री' आदेश 'इन्व्हर्ट' लावून चालवला की एखादं पॅकेज कुणामुळे आत आलं ते उलट्या क्रमाने दिसतं. त्याहून मोलाचा पर्याय 'एक्सक्लूड-न्यूअर'. त्याला 2023-09-29 ही तारीख दिली, तर त्यानंतरची कुठलीही आवृत्ती विचारातच घेतली जात नाही. ॲप उघडलं. तारीख ऑक्टोबरमध्ये नेली, पुन्हा पडलं. तर्क लढवत बसायचं कारणच उरलं नाही. जुन्यावर अडकून न राहता आम्ही फ्लास्क 3 वर गेलो. सोबत लॉगिन सांभाळणारं फ्लास्क-लॉगिन हे पॅकेजही 0.6.3 वर न्यावं लागलं, कारण 0.6.2 ची हीच रड होती.

आता यूव्ही बनवतं त्या लॉक फाइलमध्ये आडून येणाऱ्या पॅकेजांसकट प्रत्येकाची आवृत्ती आणि हॅश, म्हणजे फाइल तीच आहे हे पडताळणारा ठसा, असतो. सर्व्हरवर लॉकप्रमाणे पॅकेजं बसवणारा 'सिंक' आदेश नेहमी 'लॉक्ड' लावूनच चालवतो. लॉक आणि प्रकल्पाच्या गरजा लिहिलेली पायप्रोजेक्टची फाइल जुळली नाही तर ते तिथेच थांबतं. माघातल्या जत्रा जवळ आल्या की लॉकला हात लावायचा नाही, असंही ठरलं आहे. जुलैत वादळी पावसाने इंटरनेट गेलं तेव्हा आधी उतरवून कॅशमध्ये ठेवलेल्या पॅकेजांवर 'ऑफलाइन' लावून नवं एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती पॅकेजांची वेगळी जागा) उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तक्रारीही आहेत. यूव्हीने केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतं. सवयीने कुणी पिप इन्स्टॉल केलं की पॅकेज भलतीकडेच जातं, आणि नवीन मुलं यात हमखास अडकतात. डेटाबेसशी जोडणाऱ्या मायएसक्यूएलक्लायंटसारख्या पॅकेजाला लिनक्सवर सी कंपायलर आणि हेडर फाइली लागतात. त्या तुम्हालाच बसवाव्या लागतात. शिवाय लॉकचा साचा यूव्हीचा स्वतःचा. ज्या होस्टिंगला रिक्वायरमेंट्सचीच फाइल लागते, तिथे 'एक्स्पोर्ट' करून द्यावी लागते.

जुना प्रकल्प यूव्हीवर नेणार असाल तर एक कळकळीची विनंती. चालू सर्व्हर बंद करण्याआधी त्यावर पिप फ्रीझ चालवून बसवलेल्या आवृत्त्यांची यादी काढून घ्या आणि 'यूव्ही ॲड' करताना ती कन्स्ट्रेंट, म्हणजे आवृत्त्यांवरचं बंधन, म्हणून द्या. तसं केलं तर पहिला लॉक आज चालत असलेल्या आवृत्त्यांचाच बनतो, आणि मग एकेक पॅकेज सवडीने पुढे नेता येतं.