बाटलीसाठी कुठला दाणा: एचडीपीई, पीपी की पेट?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नवी बाटली काढायची म्हणून कुणी आलं की पहिला प्रश्न भावाचा असतो. किलोला काय पडेल? माझा प्रश्न वेगळा असतो: आत काय भरणार, आणि भरलेला माल दुकानात किती महिने पडून राहणार? फिनाईल, भांड्यांचं लिक्विड, शेंगदाणा तेल, कीटकनाशक, प्रत्येकाला दाणा, म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, वेगळा लागतो. मशीन त्या दाण्यामागून येतं.

आपल्या बडोद्यात आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीमुळे (स्थापना १९६९, रिलायन्समध्ये विलीन २००७) मराठी घरांतही पॉलिमर हा शब्द नवा नाही. तरी पोत्यावरचा नंबर वाचणारे कमीच. रिलायन्सच्या एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन) पोत्यावर बी ५६००३ लिहिलेलं असतं. बी म्हणजे ब्लो, ५६ म्हणजे घनता ०.९५६, आणि ००३ म्हणजे एमएफआय ०.३. एमएफआय म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक ठराविक वजनाखाली किती वाहतं त्याचा आकडा. शेजारी एम ६००७५ असेल तर तो इंजेक्शनचा (दाबाने साच्यात भरायचा), एमएफआय ७.५. ब्लोमध्ये वितळलेली नळी डायमधून खाली लोंबते, मोल्ड मिटतो, मग हवा फुंकतात. मोल्ड मिटेपर्यंत नळीने स्वतःचं वजन पेललं पाहिजे, म्हणून कमी एमएफआयचा जड वाहणारा दाणा. दोन रुपये वाचतात म्हणून इंजेक्शनचा दाणा घातला तर नळी काकवीसारखी ओघळते, वरचा भाग पातळ पडतो आणि बाटली खांद्यात दबते.

एवढं बहुतेकांना कारखान्यात कुणीतरी सांगतंच. राहून जातं ते ईएससीआर, म्हणजे साबणासारख्या द्रव्यासमोर ताणाखालचं प्लॅस्टिक किती वेळ तडा न जाता टिकतं ते. घनता आणि एमएफआय जवळपास सारखे असलेले दोन दाणेही भांड्यांच्या लिक्विडमध्ये वेगळे वागतात. बाटली उलटी करून बुडाकडे बघा. मोल्डने नळी चिमटली तिथे एक सरळ शिवण दिसते. गोडाऊनमध्ये खालच्या थरातल्या खोक्यातली बाटली वरच्या वजनाखाली असते, आत साबण असतो, आणि काही आठवड्यांनी याच शिवणीवर केसाएवढी चीर पडून खोकं चिकट होतं. घनता वाढवली की बाटली कडक होते, ग्रॅम वाचतात, पण चीर पडायची भीतीही वाढते. साबण, शाम्पू, फिनाईल यांसाठी ब्युटीन किंवा हेक्सीन घातलेला कोपॉलिमर ग्रेड घ्या आणि डेटा शीटवर ईएससीआरचे तास बघा. तास छापलेलेच नसतील तर मी तो दाणा साबणाला वापरत नाही. शिवाय आपलाच माल भरून, झाकण घट्ट लावून, वर वजन ठेवून मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवा. बडोद्याचा उन्हाळा फुकटची भट्टी आहे.

मोठ्या कॅन आणि ड्रमचा दाणा आणखी जड असतो. एमएफआय मोजायच्या नेहमीच्या २.१६ किलोच्या वजनाखाली तो जवळपास हलतच नाही, म्हणून २१.६ किलोखाली मोजतात. त्या शीटवर ६ किंवा १० आकडा दिसला तर त्याची ०.३ शी तुलना करू नका. पीपीचंही (पॉलिप्रॉपिलीनचं) तसंच: एचडीपीई १९० अंशांवर मोजतात, पीपी २३० वर.

कीटकनाशक झायलीन या सॉल्व्हंटमध्ये असेल तर साध्या एचडीपीईच्या नादाला लागू नका. सॉल्व्हंट भिंतीतून हळूहळू निघून जातं आणि बाटलीचं पोट आत ओढलं जातं. नायलॉन किंवा ईव्हीओएच या सॉल्व्हंट अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा थर असलेली बाटली घ्या, नाहीतर फ्लोरिनेशन (बाटलीच्या भिंतीवर फ्लोरीन वायूची प्रक्रिया) करून घ्या.

पीपी रँडम कोपॉलिमर दिसायला एचडीपीईपेक्षा पारदर्शक, उष्णतेला चांगला. गरम भरायचं सरबत किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) जाणारी बाटली असेल तर हाच. फ्रीजमधल्या थंडीत मात्र तो ठिसूळ होतो, पडला की फुटतो.

आता पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पारदर्शक प्लॅस्टिक. तेल चकचकीत दिसायला हवं, म्हणून एक लिटरला सगळे पेटकडेच वळतात, आणि ते बरोबर आहे. पण ही पद्धतच वेगळी. आधी इंजेक्शनने प्रीफॉर्म (तोंडाला आटे असलेली जाड, लहान नळी), मग तो साधारण १०० अंशांना तापवून, ताणून फुगवायचा. एचडीपीईला सहा-आठ बार हवा पुरते, पेटला २५ ते ४० बार लागते, म्हणजे कॉम्प्रेसर आणि विजेचं बिल दोन्ही वेगळ्या पायरीवर. प्रीफॉर्म स्वतः काढायचे तर चिप्स १६० ते १७० अंशांवर चार-सहा तास सुकवून ओलावा ५० पीपीएमच्या खाली आणावा लागतो, नाहीतर आयव्ही (पेटच्या ताकदीशी जोडलेला चिकटपणाचा आकडा) घसरते आणि बाटली कमजोर निघते. लहान माणसाने प्रीफॉर्म विकत घ्यावेत. त्यात वजन प्रीफॉर्मनेच ठरतं. एचडीपीईत डायची फट बदलून ते मशीनवरच कमी-जास्त होतं. साध्या पेटमध्ये ६० अंशांच्या वर काही भरू नका, बाटली आक्रसते. आणि अंगचाच पोकळ दांडा या पद्धतीने पेटमध्ये निघत नाही, तेव्हा हँडलच्या पाच लिटर कॅनला एचडीपीईच.

खाद्यपदार्थ असेल तर पुरवठादाराकडून प्रमाणपत्र मागा: पॉलिइथिलीनला आयएस १०१४६, पीपीला १०९१०, पेटला १२२५२. ते नसेल आणि भाव फारच कमी असेल तर त्यात रिप्रो (जुनं प्लॅस्टिक पुन्हा वितळवून केलेला दाणा) मिसळला असल्याची शक्यता मोठी. फिनाईलला तो चालवून घेणारे आहेत, तेलाला नको.

मशीनचं बुकिंग एवढ्यात करू नका. मकरपुऱ्यात जॉबवर्क करणारे आहेत. निवडलेल्या ग्रेडचं एक पोतं त्यांच्याकडे चालवा, शंभरेक बाटल्या भरा, माळ्यावर ठेवा, काही पाडून बघा. तोवर मशीनवाल्याला थांबायला सांगा.