आयिन की फासल: तुर्की शास्त्रीय संगीत कुठून ऐकायला घ्यावे

तुर्की शास्त्रीय संगीताकडे वळणाऱ्या श्रोत्यापुढे दोन मोठे रचनाप्रकार येतात: मेवलेवी (रूमींच्या सूफी पंथातील) दरवेशांच्या उपासनेसाठी बांधलेले आयिन आणि दरबारात वाढलेला फासल. एक धार्मिक व दुसरा लौकिक, एवढ्यावरून निवड करणे मात्र फसवे ठरेल, कारण मकाम (आपल्या रागांसारख्या स्वरचौकटी) दोहोंचे समान आहेत आणि रचनाकारही पुष्कळदा तेच. रचनाकार देदे एफेंदी (१७७८–१८४६) यांनी फेराहफेझा या एकाच मकामात आयिनही बांधले आणि फासलाच्या चिजाही.

फासल म्हणजे एकाच मकामातील रचनांची माळ. आपल्या आलापासारखी तालमुक्त असलेली तक्सीम, मग पेश्रेव हे वाद्यवादन, त्यानंतर बेस्ते ही विलंबित गायनरचना, पुढे हलकी गीते आणि शेवटी साझ सेमाई हे पुन्हा वाद्यवादन असा तिचा ढोबळ क्रम असतो. यातली एखादी रचना सुटी ऐकली तरी चालते. मकामाची ओळख व्हावी एवढाच हेतू असेल, तर हा मार्ग सोपा आहे.

आयिनाचे तसे नाही. आरंभी रचनाकार इत्री यांचे रास्त मकामातील नात (पैगंबरांचे स्तुतिगीत), नंतर ने या बासरीसारख्या वाद्याची तक्सीम आणि पेश्रेव झाल्यावर चार ‘सेलाम’ म्हणजे खंड गायले जातात. शब्द बहुतांशी रूमींच्या फारसी काव्यातले असतात. खरी गंमत तिसऱ्या सेलामात आहे: तो प्रायः २८ मात्रांच्या देवर-इ-केबीर तालात संथपणे सुरू होतो आणि सहा मात्रांच्या युरुक सेमाईपर्यंत येता येता लय अशी चढत जाते की, चौथ्या सेलामात नऊ मात्रांचा एवफेर ताल संथपणे परतला म्हणजे ऐकणाराही श्वास सोडतो. हा परिणाम तुकड्यांत मिळत नाही. सलग तासभर द्यावा लागतो. १९२५ मध्ये तुर्कस्तानातील दरवेशांचे मठ बंद झाल्यावर आयिन हळूहळू रंगमंचावर आले, आणि आज पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमांत गिरकी घेणाऱ्या दरवेशांच्या पांढऱ्या घेरांकडे पाहताना संगीत बहुधा मागेच राहते. म्हणून पहिल्यांदा ते डोळे मिटून, ध्वनिमुद्रणावरच ऐकावे.

विलंबित ख्याल सवयीचा असलेल्या श्रोत्याने, माझ्या मते, सरळ आयिनापासून आरंभ करावा. तेवढा वेळ नसेल, तर तंबुरी जमील बे (मृत्यू १९१६) यांच्या जुन्या तबकड्यांवरील तक्सीम घ्याव्यात. त्यांचा तंबूर (लांब मानेचे तंतुवाद्य) आपल्या तंबोऱ्यासारखा आधारस्वर धरून बसत नाही, मकाम तोच उलगडतो, आणि एक तक्सीम काही मिनिटांत संपते.