‘द प्राइस इज राइट’चे खेळ सोसायटीच्या हॉलमध्ये: कोणता झटपट, कोणता रेंगाळतो

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९७२पासून चालू असलेल्या ‘द प्राइस इज राइट’ या कार्यक्रमातले किंमत ओळखण्याचे खेळ मुंबईतल्या गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला मस्त रंगतात. फक्त निवडताना बक्षीस किती मोठं हे पाहू नका, खेळणाऱ्याला किती वेळा निर्णय घ्यावा लागतो ते मोजा. मूळ कार्यक्रमही तासाभरात सहा खेळ बसवतो, ते लांब-आखूड मिसळूनच.

सगळ्यांत आखूड ‘डबल प्राइसेस’. दोन किमती, एक निवडायची, संपलं. ‘फ्लिप फ्लॉप’ त्याच्या जवळचा: दाखवलेल्या चुकीच्या चार आकडी किमतीतली पहिली जोडी उलटायची, दुसरी उलटायची की दोन्ही, एवढंच.

आयोजकांसाठी खरा हिरा ‘क्लॉक गेम’. ३० सेकंदांत दोन वस्तूंच्या किमती ओळखायच्या. निवेदक फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणतो. वेळ बांधलेली, त्यामुळे कार्यक्रम लांबत नाही. दर वेळी उरलेला पल्ला निम्मा करत गेलं, तर १ ते १००० मधली किंमत जास्तीत जास्त दहा अंदाजांत सापडते. निवेदकाच्या हातात किमतीची चिठ्ठी हवीच. एकदा ‘कमी’च्या जागी ‘जास्त’ निघालं की डाव बाद. ‘रेस गेम’चे ४५ सेकंदही ठरलेले, पण त्यात वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावत पळायचं, म्हणून जागा लागते. चाळीच्या गॅलरीत तो नको.

‘एनी नंबर’चा भरवसा नाही. तीन बक्षिसांच्या किमती झाकलेल्या, खेळणारा एकेक आकडा सांगतो; कुठल्या तरी बक्षिसाचे सगळे आकडे उघडले की तो संपतो. तीन आकड्यांत आटोपेल किंवा आठपर्यंत जाईल.

‘प्लिंको’ १९८३चा, आणि सर्वांत लाडका. एक चकती फुकट, आणखी चार मिळवायला चार वस्तूंच्या किमती, मग मिळालेल्या चकत्या खिळे ठोकलेल्या उभ्या फळीवरून खाली सोडायच्या. वेळ जातोच, म्हणून शेवटी ठेवा. फळी घरी बनवताना दोन खिळ्यांतलं अंतर चकतीच्या रुंदीइतकंच ठेवलं, तर चकती अडकते. थोडं जास्त ठेवा आणि खिळ्यांच्या ओळी एकाआड एक सरकवा.

एक गोष्ट आधी जाहीर करा: किंमत म्हणजे पाकिटावरची एमआरपी, सवलतीचा भाव नाही. पाकीट दाखवताना छापील किंमत कागदाने झाका. भाजी, सुटा मसाला ठेवू नका; दादरचा भाव वेगळा, बोरिवलीचा वेगळा, आणि निकाल देणाऱ्याला काही आधारच उरत नाही.