आठ महिने, एक नेक्स्ट जेएस ॲप आणि मावशीच्या नेवऱ्या

मावशी फोंड्याला घरून नेवऱ्या (करंज्या), मोदक, लाडू विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या आणि वहीत उतरायच्या. 2025 च्या मे महिन्यात मी तिला नेक्स्ट जेएसमध्ये (वेब ॲप बनवायची चौकट) छोटं ॲप करून दिलं आणि एका क्लाउड प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ॲप इंटरनेटवर चालवून देणाऱ्या सेवेवर, चढवलं. हा त्या सेवेचा अनुभव. प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम देत नाही. खालची बरीचशी दुखणी या जातीच्या सगळ्याच सेवांमध्ये भेटतील.

गिटहब (कोड ठेवायची जागा) जोडा, पुश करा (बदल तिकडे पाठवा), साइट लाइव्ह, असं ऐकलं होतं. पहिलाच बिल्ड, म्हणजे कोडपासून चालती साइट तयार होण्याची पायरी, कोसळला. फाइलचं नाव छोट्या 'ओ'ने आणि ती फाइल मागवणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीत कॅपिटल. माझ्या मॅकला फरक पडत नव्हता, प्लॅटफॉर्मच्या लिनक्स सर्व्हरला पडला. बरं, नाव बदलून पुन्हा पुश केलं तरी तेच, कारण गिटनेही (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) तो बदल धरला नव्हता. गिटची नाव बदलायची आज्ञा 'गिट एमव्ही' चालवल्यावर सुटलो. अर्धा रविवार गेला.

खरी गंमत चौथ्या दिवशी. पहाटे पावणेपाचला मावशीचा फोन: "अरे, हें कालचेंच दाखयता!" ती साडेचारला उठते, 'आजच्या ऑर्डरी' उघडते आणि त्या आकड्यावर पीठ भिजवते. पडद्यावर मात्र आदल्या दिवशीची यादी. थोड्या वेळाने मी लॅपटॉपवर बघतो तर सगळं बरोबर. सात वाजता तिच्या फोनवरही बरोबर. दोन दिवस मी ब्राउझरच्या कॅशला (त्याने साठवलेल्या जुन्या पानांना) शिव्या घातल्या. तिसऱ्या पहाटे गजर लावून लॉग (सर्व्हरच्या नोंदी) उघडले तेव्हा उजेड पडला: सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस! पणजीच्या ऑफिसात दहाला पोचणाऱ्या माणसाला हे जन्मात दिसलं नसतं. आता तारीख काढताना कोडमध्येच 'एशिया/कोलकाता' लिहिलंय.

मावशीने चढवलेले फोटो पुढच्या डिप्लॉयला (नवा कोड चढवताना) गायब झाले. चूक माझीच. तिथली डिस्क तात्पुरती असते, हे कागदोपत्री लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. फोटो आता वेगळ्या स्टोरेजमध्ये आहेत. यूपीआय आयडी डॅशबोर्डवर बदलला तरी साइटवर जुनाच दिसत राहिला, तेही तसंच: 'नेक्स्ट पब्लिक'ने सुरू होणारे व्हेरिएबल (सेटिंगच्या किमती) ब्राउझरच्या कोडमध्ये बिल्डच्या वेळीच भरले जातात. रीस्टार्ट करून काही होत नाही, नवा बिल्डच लागतो.

वेगाचं रडगाणं जुलैपर्यंत चाललं. फुकटच्या प्लॅनवर ॲप वापराविना राहिलं की झोपी जातं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला पाऊण मिनिट पांढरा पडदा. पैसे भरून ते थांबलं, तरी पान रेंगाळतच होतं. डेटाबेस मी मुंबईत घेतला होता आणि ॲप डीफॉल्टने अमेरिकेत. एका पानाला डेटाबेसकडे सहा क्वेऱ्या (माहितीच्या मागण्या), एकामागून एक, प्रत्येक सातासमुद्रापार जाऊन परत. प्लॅटफॉर्मकडे मुंबई रीजन (तिथले सर्व्हर) नाही, म्हणून ॲप सिंगापूरला हलवलं. चालवून घेतोय.

आता कौतुक. 27 ऑगस्टला चतुर्थी होती. 25 च्या रात्री मी शहाणपणा करून डिलिव्हरीच्या वेळांचं नवं पान चढवलं आणि ऑर्डरचं बटणच मेलं. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, वायफाय बंद. मोबाइल डेटावर फोनमधून डॅशबोर्ड उघडला, आधीच्या डिप्लॉयसमोरचं रोलबॅक दाबलं, आणि मिनिटभरात जुनी साइट जागेवर. त्या एका बटणासाठी मी महिन्याचे पैसे आनंदाने देतो.

देणं मात्र कटकटीचं. बिल डॉलरमध्ये, वर बँकेचा फॉरेक्स चार्ज. 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झालेत, आणि माझ्या कार्डाचं मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) यांच्याकडे काही लागत नाही. त्यामुळे दर महिन्याला 'पेमेंट फेल'ची मेल येते आणि मी हाताने भरतो. सपोर्टला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा 'दुसरं कार्ड वापरून पाहा' एवढंच उत्तर.

या प्लॅटफॉर्मला पाचांपैकी साडेतीन. मुंबई रीजन आणि यूपीआय आलं तर चार.